मन्याडचं पाणी आणि आडसालीचा हट्ट



मागं नोंदीच्या वेळी एक बुजुर्ग सभासद म्हणाले, "साहेब, गंगा तिकडं नांदेडाला. आपला अन् तिचा काय संबंध?" संबंध आहे, म्हणून हे लिहितो.

बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी आपली मन्याड अहमदपूर, कंधार करीत बिलोलीकडं मांजरेला मिळते. ही मांजराही बालाघाटाचीच लेक, पाटोदा तालुक्यातली. पण ती बीदरवरून तेलंगणात जाते, निजामसागर भरते, उत्तरेला वळून परत आपल्या शिवेवर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे बारूळच्या खाली सुटलेलं पाणी शेवटी गंगेतच जातं.

या खोऱ्यात पाण्यावर किती जणांचा डोळा! गोदावरी लवादाचा निवाडा १९८० साली लागला, तरी बाभळी बंधाऱ्याचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ च्या निकालानं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडेच ठेवायचे ठरले. आणि २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते वर्ष कुणी विसरलं असेल असं वाटत नाही.

आता माझं म्हणणं. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते. तेव्हा लिंबोटी भरेल का, बारूळचा कालवा किती पाळ्या देईल, कुणालाच ठाऊक नसतं. तो ऊस ऐन एप्रिल-मेत वाढीच्या भरात असतो आणि विहिरी त्याच वेळी तळ दाखवतात. मग रात्रंदिवस बोअर पाडायचे. आडसालीला तीनशे सें.मी.च्या वर पाणी लागतं, आभाळ तेवढं देत नाही.

पूर्वहंगामी लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. तोवर पावसाळा संपलेला असतो, धरणात किती आलं ते डोळ्यानं दिसतं. पाणी बघून एकर ठरवा. आडसालीचं टनेज जास्त पडतं हे मी नाकारत नाही, कारखान्यालाही ते हवंच असतं. ऊस विकास अधिकाऱ्यानंच आडसाली नको म्हणावं, याचं काहींना नवल वाटेल. पण वाळलेल्या उसाचा उतारा काय येतो, ते काट्यावर आपण बघितलंय.

खोडव्याचं पाचट तर जाळूच नका. सरीत दाबा, पाण्याची पाळी लांबते. ठिबकचा खर्च जड जातो खरा, पण निम्म्याच्या आसपास पाणी वाचतं.

कंधारात राष्ट्रकूटांच्या काळात जगत्तुंग समुद्र बांधला गेला. त्या लोकांनीही पाणी अडवलं.

यंदा नोंदीला येताना सातबाऱ्यासोबत एवढं सांगा : तुमची विहीर एप्रिलात किती तास चालते? त्यावर आपण बसून किती एकर लावायचा ते ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी