गुडघेदुखीवर हळदीची कॅप्सूल : घेण्यापूर्वी हे वाचा

सातारा-सांगलीत हळद कुणाला नवी नाही. ती इथल्या शेतात पिकते, सांगलीच्या बाजारपेठेत तिचे सौदे होतात आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले. हळदीपासून नवी उत्पादने तयार करणे आणि निर्यात वाढवणे हा या मंडळाचा हेतू आहे. त्यामुळे हळदीच्या कॅप्सूल दुकानांत आणखी दिसू लागतील. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर तुम्हीही म्हणाल, "हळदच तर आहे, तिने काय अपाय होणार?" म्हणूनच भाजीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद यांतला फरक समजून घ्या.

हळदीने वेदना कमी होतात का?

आयुर्वेदाप्रमाणेच चिनी वैद्यकातही हळद वेदनेवर वापरतात. तिथे तिला 'जियांग हुआंग' म्हणतात. हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा घटक शरीरातील दाह वाढवणाऱ्या काही रसायनांना आवर घालतो.

थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हळदीच्या अर्काचा चार आठवड्यांत आयबुप्रोफेनइतकाच उपयोग दिसला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील ७० रुग्णांच्या अभ्यासात १२ आठवड्यांनी दुखणे कमी झाले, पण गुडघ्यातील सूज व पाणी कमी झाले नाही. म्हणजे काहींना आराम पडू शकतो. मात्र हे अभ्यास थोड्या काळाचे आहेत आणि झिजलेला सांधा यामुळे भरून येत नाही.

मग कॅप्सूलबद्दल सावधगिरी का?

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीतून जेमतेम ९० मिलिग्रॅम मिळते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते. कॅप्सूलमध्ये मात्र अनेकदा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन असते. ते अंगी लागावे म्हणून त्यात मिरीतील पायपरीन घालतात. बंगळूरच्या १९९८ मधील एका अभ्यासात पायपरीनमुळे कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पटींनी वाढले होते.

हाच फायदा काहींच्या यकृताला महाग पडतो. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील एक रुग्ण दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. असा त्रास क्वचित होतो, पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये?

• यकृताचा आजार किंवा पित्ताशयात खडे असलेल्यांनी
• रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी
• मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी
• मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी
• गर्भवतींनी आणि लवकरच शस्त्रक्रिया व्हायची आहे अशांनी

कॅप्सूल सुरू असताना भूक मंदावली, मळमळ किंवा खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती लगेच थांबवा. काविळीचे घरगुती औषध शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि कॅप्सूलची बाटली सोबत न्या.

बिनलेबलच्या पुड्यांपासूनही सावध राहा. 'जडीबुटीची' म्हणून दिलेल्या पुडीने एका दिवसात दुखणे गायब झाले, तर त्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असू शकते. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल, तर अचानक बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

आमटी-भाजीतली हळद बिनधास्त खा. गुडघ्यांसाठी वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हाच पाया आहे. कॅप्सूल घ्यावीशी वाटलीच, तर आपल्या चालू औषधांच्या यादीत तिचेही नाव लिहा आणि पुढच्या तपासणीला ती यादी डॉक्टरांना दाखवा.