गिरसप्पाचें दर्शन आणि बारा चित्रांची फिल्म

गेल्या खेपेस शाळेच्या सहलींविषयीं लिहिलें, तें वाचून आमच्या घरांतच तक्रार निघाली. "साऱ्या गांवच्या मुलांना फिरवून आणलें, आणि घरच्या माणसांना मात्र एकदांच नेलें, तेंही कोरड्या धबधब्यावर!" आरोप सौभाग्यवतींचा आहे आणि तो खरा आहे. तेव्हां या महिन्यांत त्या धबधब्याचीच हकीकत सांगून मोकळा होतों.

धबधबा गिरसप्पाचा. आपल्याकडील जुन्या घरांतून हेंच नांव चालत आलें आहे, कारण १९५६ पर्यंत कारवार जिल्हा मुंबईकडे मोडत असे, आणि मुंबई व म्हैसूर यांच्या हद्दीवरच हें स्थळ होतें. वस्तुतः गेरसोप्पें हें गांव नदीच्या खालच्या अंगास आहे. धबधब्याच्या जागेचें नांव जोग. नदी शरावती. ती तीर्थहळ्ळी तालुक्यांत अंबुतीर्थास उगम पावते; सीतेची तहान भागविण्यासाठीं श्रीरामांनीं बाण मारून पाणी काढलें, म्हणून ती शरावती, अशी तिकडील कथा. जोगला हीच नदी २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट, खालीं कोसळते. तिच्या चार धारा होतात: राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी. राजा सरळ तुटून पडतो. रोअरर गर्जना करीत खडकांतून येऊन अर्ध्या वाटेंत त्यालाच मिळतो. रॉकेट उसळ्या मारतो. आणि राणी कड्याला अंग घासीत फेसाळत उतरते. प्रपात आणि निर्झर हे शब्द मी वर्गांत एका दमांत, एकमेकांचे पर्याय म्हणून सांगत असें. राजा आणि राणी शेजारीं शेजारीं पाहिल्यावर ती माझी चूक मला उमगली. पण त्यासाठीं दुसरी खेप यावी लागली.

पहिली खेप १९८९ च्या मे महिन्यांतली. शिक्षकाला सुटी मे महिन्यांत आणि धबधब्याला पाणी श्रावणांत. मेळ बसणार कसा? त्यांतून १९६४ सालीं वरच्या अंगास लिंगनमक्कीचें धरण झालें, तेव्हांपासून नदीचें पाणी आधीं वीजघराच्या वाट्याला जातें. हुबळी, शिरसी, सिद्धापूर असे बसचे धक्के खात आई, आम्ही उभयतां आणि दोन मुलें जोगला पोहोंचलों. पाहतों तों समोर काळाभोर कडा आणि त्यावर चार ओल्या रेघा. आई म्हणाली, "नदी माहेरीं गेलेली दिसते."

एका सहकाऱ्याचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा मीं मागून आणला होता. त्याच्या फिल्मवर बारा चित्रें निघत. अकरा मीं त्या रेघांवरच खर्चिलीं. सौभाग्यवती अधूनमधून म्हणे, "अहो, आईंचा एक काढा ना." "आधीं कडा होऊं दे," हें माझें उत्तर. बाराव्या चित्राला मागें वळलों, तों आई कंटाळून कठड्याशीं जाऊन उभी राहिलेली, पाठ माझ्याकडे. हांक मारण्यापूर्वींच बोट दाबलें गेलें. फिल्म धुवून आली तेव्हां अकरा चित्रांत करडा दगड, आणि बाराव्यांत नऊवारीची पाठ व वाऱ्यानें सुटलेला पदर. आईचा हा शेवटचा प्रवास. १९९३ सालीं ती गेली, तेव्हां भिंतीवर लावण्यासाठीं तिचा एकटीचा, तोंड दिसणारा फोटो घरांत सांपडेना. निवृत्तिवेतनाच्या कागदावरचा लहानसा फोटो मोठा करून घ्यावा लागला. तो अंधुक आहे.

दुसरी खेप २०२४ च्या ऑगस्टांतली. जलाशय भरून धरणाचे दरवाजे उघडल्याचें ऐकतांच पुतण्यानें गाडी काढली. सौभाग्यवती आणि धाकटी नात बरोबर. धरणानें धबधबा मारला असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तेथील दरींत १९४८ पासून वीज तयार होत आली आहे, आणि पंख्याखालीं बसून धबधब्यासाठीं हळहळणें मला जमत नाहीं. तरीही त्याचें दार कोणी हुकूम देऊन उघडावें, हेंही मनाला कोठेंतरी टोंचतेंच.

पोहोंचलों, तर समोर कांहींच नाहीं! पांढरें धुकें, आणि त्याच्या पोटांतून येणारा अखंड गडगडाट. खालीं उतरावयास सुमारें १४०० पायऱ्या आहेत, पण सौभाग्यवतींच्या गुडघ्यांमुळें तो विषयच नव्हता. छत्र्या घेऊन दोन तास बसलों. तेवढ्यांत नातीनें माझा वर्ग घेतला. पडदा सेकंदाच्या सहस्रांशांत मिटला तर थेंब न् थेंब जागच्या जागीं गोठतो. अर्धा सेकंद उघडा ठेवला तर पाण्याचें रेशीम होतें, पण तितका वेळ हात स्थिर राहत नाहीं, तिवई लागते. शिवाय पाणी शुभ्र आणि कडा काळा, त्यामुळें यंत्र बिचारें दोहोंची सरासरी काढून फसतें. माझ्या अकरा करड्या चित्रांचा दोष पाण्याचाच नव्हता, हें पस्तीस वर्षांनीं कळलें. तीं रेशमी चित्रें मात्र मला पसंत नाहींत. रोअररला रेशीम नेसविणें म्हणजे भीमाला शालू.

आणि एकाएकीं धुकें वर उचललें गेलें. चौघेही एकदम! लोकांनीं आरोळी ठोकली आणि तत्क्षणीं बहुतेकांनीं धबधब्याकडे पाठ फिरवून मोबाईल वर धरले. एक मुलगा शेवाळलेल्या कठड्यावर चढूं लागला, त्याला मीं वर्गांतल्या आवाजांत "खालीं उतर!" म्हटलें. भाषा वेगळी असूनही तो उतरला. नात राजावर नेम धरून उभी होती. मीं ओरडलों, "आजीचा काढ! आधीं आजीचा!"

ती मुकाट्यानें धांवत बांकाकडे गेली. आजीची छत्री, आजीचा गुडघा, आजीचा पदर सांवरणें. कठड्याशीं येईपर्यंत पांचसात मिनिटें गेलीं आणि धुकें पुनः खालीं उतरलें. मी हळहळलों. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, मीं पाहिला कीं बसल्या जागेवरून. पोटभर पाहिला." तुषारांनीं चष्मा भिजलेला, आणि ती हंसत होती. नातीनें बटण दाबलें.

चित्र त्याच घटकेस मोबाईलवरून घरीं सर्वांना गेलें. थोड्याच वेळांत थोरल्या वहिनींचा फोन आला. "फोटो फारच छान आला आहे हो," त्या म्हणाल्या, "पण धबधबा कुठें आहे?"