हात मोकळा, पण लक्ष कोठे?

वाहन चालविताना भ्रमणध्वनी हातात धरून वापरणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, हे आता सर्वश्रुत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १८४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती होऊन धोकादायक वाहनचालनात या कृत्याचा स्पष्ट समावेश झाला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. असे असूनही कान आणि खांदा यांच्यामध्ये भ्रमणध्वनी दाबून धरलेले दुचाकीस्वार प्रत्येक चौकात दिसतात. शिक्षा कठोर असली तरी ती होईलच अशी खात्री नसेल, तर कायद्याचा वचक राहत नाही.

परंतु प्रश्न केवळ अंमलबजावणीचा नाही. कायद्याचा रोख हातावर आहे. धोका मात्र विचलित झालेल्या मनात आहे. टोरांटो येथील अपघातांत सापडलेल्या चालकांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवर बोलत असताना टक्कर होण्याचा संभव सुमारे चौपट होतो, असे त्यात आढळले. हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणांनी तो कमी होतो, असे मात्र दिसून आले नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. तेवढ्यात शाळेतून परतणारे मूल रस्त्याच्या मध्यावर आलेले असते.

कायद्याचे शब्द तोकडे पडले की काय होते, हे ब्रिटनने अनुभवले आहे. तेथे डिसेंबर २००३ पासून बंदी होती. पण ती संभाषण व संदेशवहन यांपुरतीच. त्यामुळे चालत्या वाहनातून अपघाताचे चित्रण करणारा चालक या कलमाखाली दोषी ठरत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयास २०१९ मध्ये द्यावा लागला. मार्च २०२२ मध्ये बंदी व्यापक करून ही पळवाट बुजविण्यात आली.

आपल्याकडे २०२० च्या नियमदुरुस्तीने मार्ग पाहण्यापुरती सवलत दिली. मात्र चालकाचे चित्त विचलित होता कामा नये, अशी अट घातली. खरी कसोटी हीच होय. तथापि पोलिसाला चालकाचा हात दिसतो, चित्त दिसत नाही. म्हणून हातावरील बंदी आवश्यकच आहे. पण ती पाळली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे घातक आहे.

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे जबाबदारी पलीकडून बोलणाऱ्यावरही येते. ‘कोठवर आलास?’ असे चालकाला वारंवार विचारणारा मालक, वरिष्ठ अधिकारी किंवा घरातील माणूस त्या धोक्यात सहभागी असतो. वाहतूक व घरपोच सेवा देणाऱ्या आस्थापनांनी चालत्या वाहनावरील चालकाशी संपर्क साधू नये, असा नियम स्वतःहून करावा आणि उत्तर न देणाऱ्याला शाबासकी द्यावी. संभाषण दहा मिनिटे लांबणीवर टाकता येते. रस्त्यावर गेलेला जीव परत आणता येत नाही.