शिट्टी नसते तेव्हा

शाळेत पहाटेची शिट्टी वाजली की पाय आपोआप मैदानाकडे वळतात. पीटी, वर्ग, प्रेप, सगळ्याला वेळ ठरलेली आणि हुकूम ठरलेला. पण जिथे शिट्टीच नाही, तिथे आपली शिस्त किती टिकते? हे मला गेल्या उन्हाळी सुट्टीत तंजावरला कळले.

बाबांची बदली तिथल्या हवाई दलाच्या तळावर झाली आहे. एके दिवशी आम्ही बृहदीश्वर मंदिर पाहायला गेलो. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर चक्क मराठीत आहे! घरी येताना मी ठरवले, जिंजीच्या वेढ्यावर व्हिडिओ गेम करायचा आणि तोही एकट्याने. राजाराम महाराज, मोगल फौज, तोफा, सगळे त्यात हवे. 'गोडो' हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतले. तीन आठवड्यांनी हाती काय? एक तट आणि त्यातून आरपार जाणारा एक मावळा!

बाबा म्हणाले, "मोहीम मोठी आणि रसद नाही. आधी एखादे छोटे ठाणे घे."

शेजारच्या तमिळ आजी दुपारी नातीबरोबर पल्लांगुळी खेळत. दोन ओळींत सात-सात खळगे आणि त्यांत चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. मी हाच खेळ करायला घेतला. चौदाव्या खळग्यानंतर पुन्हा पहिला यायला हवा. पण संगणक शून्यापासून मोजतो हे मी विसरलो होतो. माझा गेम पंधरावा खळगा शोधायचा आणि बंद पडायचा. ही एक चूक सापडायला दोन दिवस गेले. सोडून दिले असते तर कोणी रागावले नसते, कोणाला कळलेही नसते. खरी परीक्षा तीच होती.

गेम चालू झाल्यावर आजींना दाखवला. त्यांनी लगेच चूक काढली: खळग्यात चार चिंचोके जमले की ते 'पसु', म्हणजे गाय, आणि ज्याच्या बाजूला जमले त्याचे. पुन्हा दोन दिवस काम!

अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत 'टेट्रिस' लिहिला, तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रे काढता येत नव्हती. त्यांनी कंसांची चिन्हे जोडून ठोकळे बनवले. साधने कमी होती, म्हणून काम अडले नाही.

पालकांना मोबाइल गेमची काळजी वाटते, ती योग्यच आहे. पण गेम खेळणे वेगळे आणि गेम तयार करणे वेगळे. माझी शिक्षकांना विनंती आहे, वार्षिक प्रदर्शनात एक टेबल एकट्याने केलेल्या छंदाच्या कामांसाठी ठेवावे. गेम असो, रेडिओ असो वा विमानाचे मॉडेल. अट एकच, काम पूर्ण झालेले हवे.

काही मित्र म्हणतात, फौजेत संघभावना महत्त्वाची, एकट्याचे काम कशाला? संघभावना हवीच. पण रात्री पहाऱ्यावर उभा असलेला जवान एकटाच असतो, आणि सगळी तुकडी त्याच्या भरवशावर झोपते.