आफ्रिकेत सौर दिवे लागतील, पण पाच वर्षांनी जळत असतील का?

जानेवारी 2025 मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात आफ्रिकेतले अनेक राष्ट्रप्रमुख आणि बँकांचे मोठे अधिकारी एकत्र आले होते. विषय एकच होता, वीज. जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी ‘मिशन 300’ नावाची मोहीम हाती घेतली आहे. 2030 पर्यंत आफ्रिकेतल्या 30 कोटी लोकांना वीज द्यायची, हे तिचं उद्दिष्ट. या परिषदेत वेगवेगळ्या संस्थांनी मिळून 50 अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं दिली. जेद्दाहच्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँक समूहाने 2025 ते 2030 या काळासाठी 2.65 अब्ज डॉलरचा शब्द दिला.

आकडे ऐकून आनंद वाटतो. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आजही सुमारे 60 कोटी लोकांच्या घरात वीज नाही. म्हणजे मिशन 300 पूर्ण यशस्वी झालं तरी तेवढेच लोक अंधारात राहणार. मग पहिल्या निम्म्यात कोणाचा नंबर लागणार? आणि ज्यांच्या घरी दिवा लागेल, त्यांचा दिवा पाच वर्षांनी चालू असेल का? खरी कसोटी इथे आहे.

ऑफ-ग्रिड म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे वीज म्हटलं की खांब, तारा आणि मीटर डोळ्यासमोर येतात. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. आफ्रिकेत गावं लांब लांब आहेत, वस्ती विरळ आहे. वीस-पंचवीस घरांसाठी शंभर किलोमीटर तार ओढणं कोणत्याही सरकारला परवडत नाही. म्हणून ग्रिडशिवाय वीज द्यायचे मार्ग शोधले गेले. त्यात सर्वात छोटा म्हणजे सौर कंदील. त्याच्या वर घरगुती सौर संच, ज्यात छपरावर एक पॅनेल, एक बॅटरी, तीन-चार दिवे आणि मोबाईल चार्जिंगची सोय असते. आणि तिसरा मिनीग्रिड, म्हणजे अख्ख्या गावापुरतं छोटं सौर वीजकेंद्र. त्यावर पिठाची गिरणी, फ्रिज, दवाखान्यातली लसीची पेटी असं सगळं चालू शकतं.

सूर्यप्रकाशाची कमतरता तर मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणण्यानुसार जगातल्या उत्तम सौर ऊर्जेच्या जागांपैकी 60 टक्के आफ्रिकेत आहेत, पण जगात बसवलेल्या एकूण सौर क्षमतेत तिचा वाटा फक्त 1 टक्क्याच्या आसपास आहे. ऊन आहे, गरजही आहे, अडचण पैशाच्या रस्त्यात आहे.

हप्त्याचा मार्ग कुठपर्यंत जातो?

केनियाने या बाबतीत एक चांगला मार्ग दाखवला. तिथे 2007 पासून ‘एम-पेसा’ ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा आहे. आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी तिथला भाजीवाला फोनवरून व्यवहार करत होता. त्याचा फायदा घेऊन ‘एम-कोपा’सारख्या कंपन्यांनी सौर संच हप्त्यावर दिले. सुरुवातीला थोडी रक्कम, मग रोजचा छोटा हप्ता. हप्ता चुकला की कंपनी लांबूनच संच बंद करते, भरला की पुन्हा चालू. जे कुटुंब रोज रॉकेलवर पैसे घालवत होतं, ते तेवढ्याच पैशात वर्ष-दीड वर्षात स्वतःच्या दिव्याचं मालक होऊ लागलं.

पण यात एक गोष्ट नीट बघा. हा मार्ग ज्याच्या हातात रोज थोडी का होईना रोकड येते, त्याच्यासाठी आहे. ज्याचं उत्पन्न पावसावर किंवा जनावरांच्या बाजारावर आहे, त्याला रोजचा हप्ता जमत नाही. कंपनी त्याच्या दारात जात नाही, कारण तिला गुंतवणूकदारांना परतावा द्यायचा असतो. एम-कोपानेही पुढे स्मार्टफोन हप्त्यावर देण्याचा मोठा धंदा उभा केला. कंपनीला दोष द्यायचं कारण नाही, धंदा असाच चालतो. पण फक्त धंद्याच्या जोरावर सर्वात गरीब माणसापर्यंत वीज पोहोचेल, हा समज मात्र सोडून द्यायला हवा.

उत्तर केनियाचा धडा

हे ओळखून केनिया सरकारने जागतिक बँकेच्या 15 कोटी डॉलरच्या मदतीने 2017 मध्ये एक वेगळा प्रकल्प घेतला. देशातले मागे पडलेले 14 जिल्हे त्यासाठी निवडले. त्यात गरिसा, वजीर आणि मंडेरा आहेत, जिथे बहुतेक वस्ती सोमाली मुस्लिम पशुपालकांची आहे. किनाऱ्यावरचा लामू आणि उत्तरेचा तुर्कानाही आहे. गावांना मिनीग्रिड, घरांना सौर संच, दवाखाने आणि शाळांना वीज, पाण्याला सौर पंप, असा आराखडा होता.

हेतू चांगला, पैसाही हाताशी. तरीही मिनीग्रिडची कामं वर्षानुवर्षं रखडली. जमीन सामूहिक मालकीची, म्हणून ती मिळवायला वेळ. निविदांना वेळ. घरगुती संचांच्या बाबतीत कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून अनुदान ठेवलं होतं, पण ते काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर मिळणार. आधी स्वतःचा पैसा घाला, मग आम्ही देऊ, हा नियम. हिशेबाच्या दृष्टीने तो बरोबर आहे, चोरीला आळा बसतो. पण स्थानिक छोट्या कंपनीकडे आधी घालायला पैसा असतो कुठे? म्हणजे ज्याला तो भाग माहीत आहे, लोकांची भाषा येते, तोच मागे राहण्याची भीती.

डॉलरचं कर्ज, नायराची कमाई

दुसरं उदाहरण नायजेरियाचं. तिथे साडेआठ कोटींच्या आसपास लोक विजेविना आहेत. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक बँकेने तिथल्या ‘डेअर्स’ या कार्यक्रमासाठी 75 कोटी डॉलर मंजूर केले. पावणेदोन कोटी लोकांपर्यंत सौर वीज न्यायची आहे. भागाकार केला तर माणशी साधारण 43 डॉलर येतात. बाकीचा पैसा खाजगी गुंतवणुकीतून यावा, अशी अपेक्षा आहे.

इथेच घोळ होतो. पॅनेल आणि बॅटरी बहुतेक चीनमधून येतात, त्यांचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. बाहेरचं कर्जही डॉलरमध्येच असतं. पण गावातला गिऱ्हाईक पैसे देतो नायरामध्ये. जून 2023 पूर्वी एका डॉलरला सुमारे 470 नायरा पडत होते, 2024 मध्ये भाव 1500 च्या वर गेला. म्हणजे कंपनीने काहीही चूक केली नाही, गिऱ्हाईकाने एकही हप्ता चुकवला नाही, तरी कर्ज नायरात मोजलं तर तिप्पट झालं. हा भार शेवटी कोणावर पडणार? गावातल्या विजेच्या दरावर.

तो दर आधीच जास्त आहे. जागतिक बँकेच्या 2022 च्या अभ्यासानुसार चांगल्या मिनीग्रिडची वीज युनिटमागे 0.38 डॉलरला पडत होती, म्हणजे आजच्या हिशेबाने 30 रुपयांच्या वर. आपल्या घरच्या बिलावरचा युनिटचा दर काढून शेजारी ठेवा. जगातले सर्वात गरीब लोक जगातल्या महाग विजेपैकी वीज वापरणार, हा कुठला न्याय? म्हणून अशा भागांना स्थानिक चलनातलं कर्ज आणि खरंखुरं अनुदान, दोन्ही हवं. नुसतं डॉलरचं कर्ज वाढवून भागणार नाही.

त्यात अमेरिकेने हात आखडता घेतला आहे. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 2013 मध्ये सुरू केलेला ‘पॉवर आफ्रिका’ कार्यक्रम 2025 मध्ये परदेशी मदत संस्थेबरोबरच गुंडाळला गेला. एका देशाच्या निवडणुकीने दुसऱ्या खंडातल्या गावाचा दिवा विझू शकतो, हे त्यातून कळलं.

दुरुस्ती कोण करणार?

पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते. आपल्याही गावांच्या रस्त्यांवर बंद पडलेले सौर दिवे सगळ्यांनी पाहिले आहेत. उद्घाटनाचा फोटो निघतो, बॅटरी गेली की खांब तेवढा उरतो. आफ्रिकेत हे होऊ नये यासाठी गावातच दुरुस्ती करणारा माणूस हवा.

याचा एक नमुना आपल्या देशात आहे. राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गावी बेअरफूट कॉलेज आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायका, त्यातल्या कित्येक आजीच्या वयाच्या आणि निरक्षर, तिथे येऊन साधारण सहा महिने राहिल्या. रंगांच्या खुणा आणि हातवारे यांच्या मदतीने सौर संच जोडायला, दुरुस्त करायला शिकल्या आणि परत गेल्या. ‘सोलर मामा’ या नावाने त्या ओळखल्या जातात. झांझिबारमध्येही असं केंद्र उभं राहिलं. आजीला का निवडलं, तर ती शिकून शहरात निघून जात नाही, गावातच राहते. इतकी साधी अक्कल अब्जावधींच्या योजनांत बऱ्याचदा सापडत नाही.

आपला संबंध काय?

कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं एकेकाळी पूर्व आफ्रिकेत जाऊन स्थायिक झाली, त्यामुळे मोम्बासा आणि नैरोबी ही नावं आपल्याला परकी नाहीत. आज आफ्रिकेतल्या विहिरी, सौर पंप आणि दिव्यांसाठी मदतीची आवाहनं आपल्या मोबाईलवरही येतात, आणि लोक मनापासून देतात. द्यावंच. पण देताना मोठ्या बँकांना विचारायचे तेच प्रश्न आपणही विचारू शकतो. हा संच कोणत्या गावाला, आणि तेच गाव का? पाच वर्षांनी बॅटरीचा पैसा कुठून येणार? दुरुस्ती करणारा गावात राहतो की राजधानीत? आणि बंद पडला तर गावकऱ्यांनी तक्रार कोणाकडे करायची?

जी संस्था या चार प्रश्नांची सरळ उत्तरं देते, तिच्या हाती पैसा सुरक्षित आहे. दार-ए-सलामच्या 50 अब्जांनाही हीच कसोटी लावायला हवी. 2030 साली किती जोडण्या दिल्या, याचा अहवाल नक्की निघेल. मंडेरातल्या घरात 2035 साली दिवा जळतो आहे का, हेही कोणीतरी जाऊन मोजलं पाहिजे, आणि त्या मोजणीचा खर्च आजच्याच बजेटमध्ये धरला पाहिजे.