जरा हळू घे, यार!

विरार लोकलमध्ये ज्याचा आवाज मोठा, त्याचंच खरं. त्यामुळे रेकॉर्डिंग करतानाही माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. ही सवय परवा जाम अंगाशी आली.

निर्मळच्या माझ्या मैत्रिणीकडे तिच्या आजीची एक कॅसेट आहे. आजी आता नाही. घरातल्या एका लग्नात बायकांनी म्हटलेली कादोडी गाणी, म्हणजे वसईतल्या कुपारी समाजाच्या बोलीतली. आजीचा आवाज एवढाच उरलाय. "मास कॉम केलंयस ना? मग घे कॉम्प्युटरवर!" असं फर्मान सुटलं.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून वायर काढली आणि जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी सॉकेटमध्ये खुपसली. आजी एकटी गात होती तोवर आवाज बारीक वाटला, म्हणून मायक्रोफोन बूस्ट +20 डेसिबल. मग सगळ्या बायकांनी सूर धरला आणि स्पीकरमधून नुसती खरखर! स्क्रीनवरच्या लाटांची डोकी कात्रीने कापल्यासारखी सपाट.

मला वाटलं, नंतर कमी करू. नाही होत. 16 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आकडा 32,767च्या वर जाऊच शकत नाही, त्यावरचं सगळं कापलं जातं. मागाहून आवाज उतरवला की तीच खरखर हळू ऐकू येते, बस्स.

मूळ घोळ सॉकेटचा. गुलाबी सॉकेट माइकसाठी. माइक जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो, टेपरेकॉर्डर त्याच्या कितीतरी पट. त्याची जागा शेजारच्या निळ्या लाइन-इनमध्ये. (तुमच्या लॅपटॉपला ते बहुधा नसेलच. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.)

दुसऱ्या खेपेला वायर निळ्यात, आणि आधी तो सगळ्या बायकांचा भागच वाजवला. मीटरची उडी -6च्या खाली राहील इतपतच इनपुट ठेवलं. ऑटोमॅटिक गेन कंट्रोल बंद. कारण दोन ओळींमधल्या शांततेत तो टेपची सरसरच वर खेचतो. मग रिवाइंड. इतकी जुनी टेप, तुटली तर? मैत्रीण डोळे मिटून बसली होती.

सगळ्या बायका स्वच्छ आल्या. आजी मात्र अगदीच हळू. चालतं, हळू आलेलं नंतर वाढवता येतं, थोड्या सरसरीसकट का होईना. वाढवलं. दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी खाकरलं.

"ही आजी," मैत्रीण म्हणाली, आणि फाइल तिथूनच पुन्हा लावली.