काळी पाचची सुभद्रा

आमच्या हौशी मंडळाने तीन वर्षांपूर्वी 'संगीत सौभद्र' करायचं ठरवलं तेव्हा सुभद्रा कोण करणार हा प्रश्न पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आत सुटला. नवरात्रातल्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली मुलगी गावातच होती. त्या स्पर्धेला परीक्षक म्हणून मीच बसलो होतो, तेव्हा पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

मी ऑर्गन वाजवतो. बँकेत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी वाजवायचो, आता रोज. मुलगी पहिल्या दिवशी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, काळी पाच." मी मान वर करून पाहिलं. तीन तासांच्या नाटकात, मधलं सगळं गद्य खड्या आवाजात बोलून वर काळी पाचसारख्या उंच पट्टीत पदं म्हणायची म्हणजे गंमत नाही. पण गायली मात्र अशी की तबलेवाल्याने ठेका सोडून दाद दिली. घोळ कळला तो तिसऱ्या आठवड्यात, तालमी उभ्याने सुरू झाल्यावर. समोर यतीच्या वेषातला अर्जुन उभा, त्याच्याशी बोलता बोलता पद सुरू व्हायचं, आणि पहिल्या सुराला ही मुलगी अर्जुनाला सोडून थेट समोर, अंधारात बघायला लागायची. स्पर्धेत परीक्षक बसतात त्या दिशेला. उजवा हात हळूहळू वर येऊन तोंडाजवळ थांबायचा, मूठ अर्धवट मिटलेली. हातात माइक नव्हता, तरी ती तो धरून होती.

ती मूठ पाहिली आणि मला 2006 सालची कॉनी फिशर आठवली.

त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला होतो. नातीचा जन्म व्हायचा होता. तिकडे शनिवारी संध्याकाळी करण्यासारखं फार काही नसतं, म्हणून बीबीसी वनवर एक कार्यक्रम लागायचा तो सगळे मिळून बघायचो. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर याला लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात 'द साउंड ऑफ म्युझिक' पुन्हा उभं करायचं होतं. मारियाच्या भूमिकेसाठी स्कार्लेट जोहान्सनशी बोलणी झाल्याच्या बातम्या होत्या, ती फिसकटली. तेव्हा याने मारिया टीव्हीवर शोधायची ठरवली. मुली गाणार, लोक फोन करून मत देणार, आणि जिंकणारीला रोख बक्षीस नाही, गाडी नाही, रेकॉर्डचा करार नाही. थेट वेस्ट एंडवरची प्रमुख भूमिका. आपल्याकडे ज्यांनी मूळ नाटक किंवा 1965 चा ज्यूली अँड्र्यूजचा सिनेमा पाहिला नसेल त्यांनी गुलजारचा 'परिचय' आठवावा. झाड तेच, कलम इथलं.

कार्यक्रमाची रचना मोठी चलाख होती. सूत्रधार ग्रॅहम नॉर्टन, परीक्षकांत डेनिस व्हॅन आउटेन, जॉन बॅरोमन आणि नाटकाचा सहनिर्माता डेव्हिड इयन. लॉइड वेबर बाजूला सिंहासनासारख्या खुर्चीत. दर आठवड्याला सगळ्यात कमी मतं मिळालेल्या दोघी पुन्हा समोरासमोर गायच्या आणि त्यातली कुठली ठेवायची ते खुर्चीतला सांगायचा. जी बाहेर पडे तिला नाटकातलंच निरोपाचं गाणं म्हणत जावं लागे. पुढच्या वर्षांत ही रीत आणखी रंगली. 'जोसेफ'च्या शोधात बाद झालेल्याचा रंगीत कोट उतरवून घ्यायचे. 2010 मध्ये 'विझर्ड ऑफ ऑझ'ची डोरोथी शोधताना हरणाऱ्या मुलीने पायातले लाल बूट काढून लॉइड वेबरच्या हाती द्यायचे, असं होतं. त्याच मालिकेत डोरोथीच्या कुत्र्याचीही निवड झाली आणि डेंजरमाउस नावाचा एक श्नाउझर जिंकला. कुत्र्याला आवाजाची अट नव्हती, एवढं बरं.

आमचे जावई दर शनिवारी फोन करायचे, कॉनीसाठी. मुलगी वेल्समध्ये वाढलेली, नाट्यशिक्षण घेतलेली, आणि पोटासाठी टेलिफोनवर विक्री करणारी. जावईही तेव्हा कॉल सेंटरमध्ये होते. त्यांना ती आपली वाटायची. मी त्यांना एकदा म्हटलं, "अहो, तुम्ही तिचं गाणं ऐकताय की नोकरी?" ते म्हणाले, "बाबा, दोन्ही." आणि खरंच, दोन्ही असतंच. ती 16 सप्टेंबरला जिंकली तेव्हा आमच्या घरात अर्धा किलो बर्फी वाटली गेली. नात अजून आठ दिवस लांब होती.

नाटक उघडलं 15 नोव्हेंबरला. मधले दोन महिने. आता नाटकवाल्यांनी इथे थांबून विचार करावा. प्रयोग सुरू होता होता कॅप्टनची भूमिका करणारा सायमन शेपर्ड बदलला गेला आणि अलेक्झांडर हॅन्सन आला. असं होतं, नाटकात माणसं बदलतात. दिग्दर्शकाला वाटलं, निर्मात्याला पटलं, झालं. पण मारिया? तिला कोण हात लावणार? ती लाखो लोकांनी पैसे मोजून, फोन लावून निवडलेली. तिकिटं तिच्या नावावर गेलेली. साऱ्या संचात एकच माणूस असा की ज्याला कुणी काढू शकत नाही, आणि म्हणून ज्याला आजारी पडायचीही सोय नाही.

कॉनी चांगली निघाली, हे आधी सांगतो. टीकाकारांनी तिचं मनापासून कौतुक केलं. पण वेस्ट एंडचा शिरस्ता आठवड्याला आठ प्रयोगांचा. शनिवारी दोन मिनिटांचं गाणं आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत आराम, असा तो हिशोब नाही. घशावर ताण आला, डॉक्टरांनी सांगितलं, आणि तिचे प्रयोग आठाचे सहा झाले. पुढे ठरावीक दिवशी मारिया करायला जी आली ती ईफा मुलहॉलंड, त्याच स्पर्धेतली, शेवटच्या तिघींतही न पोचलेली. लोकांनी जिला नको म्हटलं होतं ती लोकांसमोर तीच भूमिका करत होती, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

नंतर नाटकाच्या देशभरच्या दौऱ्यातही कॉनीच मारिया होती. त्या काळात तिच्या स्वरतंतूंत जन्मजात दोष असल्याचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीचा उंच, मोकळा आवाज परत आला नाही. ती वेल्समध्ये रेडिओ-टीव्हीकडे वळली. दोष जन्माचा, त्याचं खापर स्पर्धेवर फोडणं बरोबर नाही. माझं म्हणणं एवढंच की इतक्या फेऱ्या झाल्या, इतके परीक्षक, इतके फोन. पण गळा किती दिवस टिकेल हे बघणारी फेरी त्यात एकही नव्हती. ठेवणार तरी कशी? ती फेरी सहा महिने चालते आणि कंटाळवाणी असते.

आपल्याकडे हा शोध जुनाच. 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिल्यावर अण्णासाहेब किर्लोस्करांना स्त्रीभूमिकेसाठी गळा हवा होता. बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांच्या रूपाने तो सापडला. पुढे 1905 मध्ये किर्लोस्करांच्याच नाटक मंडळीत नारायण राजहंस आले, म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार करवून किर्लोस्कर मंडळीकडे धाडण्यात शाहू महाराजांचा हात होता. म्हणजे निवड जाणत्या एक-दोघांनी केली. मतदान नंतर, रोजच्या प्रयोगात, 'वन्स मोअर'च्या आरोळीने. त्या मतदानालाही दयामाया नव्हती. एकेक पद तीनतीनदा म्हणवून घेणारा प्रेक्षक आणि पहाटेपर्यंत चालणारं नाटक, यात गळे बसलेच असतील. पण निदान आरोळी ठोकणारा रात्रभर समोर बसून असायचा. फोन लावून झोपायला जात नव्हता.

टीव्ही आल्यावर आपणही मुलांना गायला उभं केलं. झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मधल्या कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा, प्रथमेश, रोहित या पाच जणांना महाराष्ट्राने घरच्यांसारखं मानलं. यातली आर्या पुढे 'ती सध्या काय करते' या सिनेमात नायिका झाली, आणि स्पर्धेत गाऊन पुढे आलेली केतकी माटेगावकर 'शाळा' आणि 'टाइमपास'मध्ये दिसली. पण इथे भूमिका हे बक्षीस नव्हतं. आधी गाणं, मग काही वर्षं, मग भूमिका. मधली ती वर्षं मला महत्त्वाची वाटतात.

कारण इंग्लंडातही खरं पीक हरलेल्यांच्या शेतात आलं. 2008 मध्ये 'ऑलिव्हर' नाटकातल्या नॅन्सीच्या भूमिकेसाठी तीच स्पर्धा झाली आणि ब्लॅकपूलची जोडी प्रेंजर जिंकली. चांगली, कसलेली, लोकांना आवडणारी बाई. दुसरी आली जेसी बकली नावाची आयर्लंडमधली पोर. तिने काय केलं? एक नाटक केलं, आणि मग 'राडा'मध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यशाळेत, विद्यार्थिनी होऊन बसली. टीव्हीवर देशाने पाहिलेली मुलगी पुन्हा पहिलीत. पुढे तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 'कॅबरे'साठी ऑलिव्हिए पारितोषिकही. तिसरी आलेली सामंथा बार्क्स 'ले मिझेराब्ल'च्या सिनेमात एपोनीन झाली. बाद झालेली रेचल टकर 'विकेड'मध्ये वर्षानुवर्षं हिरव्या रंगात गात राहिली. अमेरिकेत 'ग्ली प्रोजेक्ट' नावाची अशीच स्पर्धा होती. 2011 मध्ये तिथे न जिंकलेल्या ॲलेक्स न्यूवेलला सांत्वन म्हणून 'ग्ली' मालिकेचे दोन भाग मिळाले. ते पात्र मालिकेत रुजलं, आणि 2023 मध्ये ॲलेक्सला टोनी पारितोषिक मिळालं.

यावरून हरणं चांगलं असं काही मी म्हणणार नाही. लॉरा ओस्नेस ब्रॉडवेच्या 'ग्रीस'ची स्पर्धा जिंकून आली आणि टिकली, टोनीच्या नामांकनापर्यंत गेली. ली मीड 'जोसेफ' झाला तो आधी 'फँटम ऑफ द ऑपेरा'च्या समूहात कष्ट उपसून. सगळे काही आभाळातून पडलेले नसतात. तसं दाखवलं की फोन जास्त येतात, एवढंच. पण जिंकणाऱ्याला उद्याच्या उद्या उभं राहावं लागतं, आणि हरणाऱ्याला चुकायला जागा मिळते. लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहाचा तेव्हाचा कलादिग्दर्शक केविन स्पेसी याने 2008 मध्ये तक्रार केली होती की सार्वजनिक वाहिनी आठवडेच्या आठवडे एका धंदेवाईक नाटकाची फुकट जाहिरात करतेय. मुद्दा बरोबर होता. पण मला वाटतं, त्यात फुकट काही नव्हतं. कुणाच्या तरी गळ्यातून ते वसूल होणारच होतं.

आमच्या सुभद्रेकडे येतो. दिग्दर्शक वैतागले होते, म्हणाले दुसरी बघू. मी म्हटलं, थोडे दिवस द्या. मग एक युक्ती केली. पद म्हणताना तिच्या उजव्या हातात पूजेचं तबक दिलं, पितळी, वर निरांजन. तबक धरलं की मूठ मिटता येत नाही आणि निरांजन सांभाळायचं तर अंधारात बघून चालत नाही. दहा दिवसांत ती अर्जुनाकडे बघायला लागली. मग तबक काढून घेतलं. हात पुन्हा उचलला गेला नाही.

पहिला प्रयोग आमच्याच गावात, काळी पाचात, तुफान. दुसरा तालुक्याला, मध्यंतरात तिने गरम पाणी मागितलं आणि दुसऱ्या अंकाला मी न विचारता काळी चारात आलो. तिने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. स्पर्धेसाठीचा तिसरा प्रयोग लागोपाठ दुसऱ्या दिवशी होता. नांदीच्या आधी ती विंगेतून ऑर्गनजवळ आली, शालू सावरत, तोंडाला रंग, आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, आज काळी तीन चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं.

"परीक्षकांना कळेल ना?"

"कळेल."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "कळू दे. शेवटचं पद नीट म्हणायचंय," आणि विंगेत गेली. मी काळी तीनचा षड्ज धरला.